डेप्थ १०, डेप्थ २०, डेप्थ ३०: बुद्धिबळाचं इंजिन जितकं खोल पाहतं, तितकं ते ताकदवान होतं का?

१२ डिसेंबर २०२४. सिंगापूरमध्ये जागतिक अजिंक्यपदाच्या लढतीचा १४वा आणि शेवटचा डाव सुरू होता. डिंग लिरेनकडे पांढरे मोहरे, डी. गुकेशकडे काळे. पटावर दोघांचा एकेक हत्ती, एकेक उंट आणि मोजकी प्यादी उरली होती. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, पण डाव बरोबरीकडे चाललाय असंच बहुतेकांना वाटत होतं. मग ५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ घरावर आणला आणि लाइव्ह बघणाऱ्यांच्या स्क्रीनवरची काळी-पांढरी पट्टी एका झटक्यात काळ्याच्या बाजूने गेली. खुद्द गुकेशला ती चूक लक्षात यायला काही क्षण लागले. पट्टीला मात्र काहीच वेळ लागला नाही.

त्या डावाचे स्क्रीनशॉट त्या दिवशी सगळीकडे फिरले. या पट्टीच्या आसपास, अनेक ॲप्समध्ये, एक छोटा आकडा असतो. डेप्थ १८, डेप्थ २४ वगैरे. तो फारसं कुणी वाचत नाही. पट्टी काय म्हणते ते सगळे बघतात, पण ती किती पुढचं पाहून बोलते आहे हे त्या आकड्यात असतं. गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षं बुद्धिबळाचे प्रोग्रॅम बनवणाऱ्यांची सगळी धडपड मुख्यतः याच आकड्याभोवती फिरली आहे.

डेप्थ म्हणजे नेमकं काय मोजतात?

पांढऱ्याने एक चाल केली आणि काळ्याने उत्तर दिलं की बोलीभाषेत आपण त्याला एक चाल म्हणतो. इंजिनच्या हिशोबात मात्र या दोन झाल्या. एका बाजूच्या एका चालीला 'प्लाय' म्हणतात. म्हणजे डेप्थ २० याचा अर्थ दोन्ही बाजूंच्या प्रत्येकी दहा चाली. २० चाली नव्हेत. कमेंटमध्ये हा घोळ नेहमी दिसतो.

डिंगची चूक या मापाने मोजून पाहा. हत्ती एफ२वर आला, काळ्या हत्तीने तो मारला, पांढऱ्या राजाने उलट मारलं, काळा उंट डी५वर आला, उंटाने उंट मारला, काळ्या राजाने त्याची परतफेड केली. हत्ती गेले, उंट गेले, राजे आणि प्यादी उरली, आणि त्या शेवटात काळा जिंकतो. हे सगळं सहा प्लायमध्ये आटोपतं. आजच्या कुठल्याही इंजिनसाठी सहा प्लाय म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याआधीचं काम. म्हणूनच पट्टी लगेच कोसळली. दमलेल्या आणि घड्याळाच्या दडपणाखालच्या माणसासाठी मात्र हे सहा प्लाय सहज निसटण्यासारखे होते.

आता पुढे पाहणं महाग का पडतं ते बघू. डावाच्या सुरुवातीला पांढऱ्याला २० चाली उपलब्ध असतात. काळ्यालाही २०. म्हणजे दोन प्लायनंतर ४०० शक्यता. तीन प्लायनंतर ८,९०२. चारनंतर १,९७,२८१. पाचनंतर ४८,६५,६०९. आणि सहा प्लायनंतर ११,९०,६०,३२४, म्हणजे जवळपास १२ कोटी. हे तर मोहरे अजून नीट बाहेरही न पडलेल्या पटावरचे आकडे. डाव रंगात आला की एका स्थितीत ३०-३५ चाली सहज शक्य असतात.

क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९५० साली संगणकाला बुद्धिबळ कसं शिकवता येईल यावर एक निबंध प्रसिद्ध केला. एका सर्वसाधारण डावात किती वेगवेगळे रस्ते निघू शकतात याचा त्याने काढलेला अंदाज होता एकावर १२० शून्यं. म्हणजे शेवटपर्यंत सगळं पाहणं अशक्य. कुठेतरी थांबावंच लागणार, आणि थांबल्यावर समोरची स्थिती कुणाला चांगली आहे याचा अंदाज बांधावा लागणार. इतक्या वर्षांत इंजिनांचा हा मूळ सांगाडा बदललेला नाही: पुढे पाहा, कुठेतरी थांबा, अंदाज बांधा, आणि तो अंदाज मागे आणून आत्ताची चाल ठरवा.

थांबलं तिथेच फसलं

कुठे थांबायचं यात मोठी गोम आहे. समजा प्रोग्रॅम बरोबर पाच प्लाय पाहतो आणि पाचव्या प्लायला त्याच्या वजिराने समोरचं एक प्यादं मारलं. हिशोबात एक प्यादं जमा. सहाव्या प्लायला तोच वजीर मारला जाणार आहे, पण सहावा प्लाय पाहिलेलाच नाही. त्यामुळे प्रोग्रॅम खूश.

याहून गमतीशीर प्रकार म्हणजे संकट ढकलणं. आपला उंट अडकलाय आणि तो जाणारच आहे, हे प्रोग्रॅमला दिसतं. मग तो मध्येच एखादं प्यादं फुकट देऊन प्रतिस्पर्ध्याला दोन प्लाय गुंतवतो. उंट जाण्याची घटना तेवढीच पुढे सरकते आणि त्याच्या नजरेच्या टप्प्याबाहेर जाते. प्रोग्रॅमला वाटतं, उंट वाचला. प्रत्यक्षात प्यादंही गेलं आणि उंटही जाणार. अमेरिकन संशोधक हान्स बर्लिनर यांनी १९७३ मध्ये याला 'होरायझन इफेक्ट', म्हणजे क्षितिजाचा परिणाम, असं नाव दिलं. क्षितिजापलीकडे गेलेलं संकट नाहीसं झालं असं मानणं, एवढाच त्याचा अर्थ.

यावर उपाय म्हणून ठरलेल्या डेप्थला पोहोचल्यावरही मारामारी सुरू असेल तर इंजिन ती संपेपर्यंत आणखी पुढे पाहतं आणि पट शांत झाल्यावरच अंदाज बांधतं. आज सगळी प्रमुख इंजिनं हे कुठल्या ना कुठल्या रूपात करतात. त्यामुळे स्क्रीनवर डेप्थ १५ लिहिलं असलं तरी काही रस्ते प्रत्यक्षात १५च्या बऱ्याच पुढे तपासले गेलेले असतात.

केन थॉम्पसनने बेलला बेलशीच लढवलं

पुढे जास्त पाहिलं की खेळ सुधारतो, हे तर कुणीही सांगेल. पण किती सुधारतो? याचं आकड्यांतलं गाजलेलं उत्तर अमेरिकेतल्या बेल लॅब्समधून आलं.

केन थॉम्पसन हे नाव संगणक शिकलेल्यांना युनिक्समुळे माहीत असतं. त्याने जो काँडन या सहकाऱ्यासोबत 'बेल' नावाचं फक्त बुद्धिबळ खेळणारं यंत्र बनवलं होतं. त्यासाठी खास सर्किट्स तयार केली होती आणि सेकंदाला सुमारे १,६०,००० स्थिती तपासण्याची त्याची क्षमता होती. १९८० मध्ये बेल संगणकांचं जगज्जेतं झालं आणि १९८३ मध्ये त्याला अमेरिकेत मास्टर दर्जा मिळाला. असा दर्जा मिळवणारं ते पहिलं यंत्र.

थॉम्पसनने प्रयोग साधाच केला. बेलच्या अनेक आवृत्त्या तयार केल्या, त्यांच्यात फरक फक्त डेप्थचा. एक चार प्लाय पाहणारी, दुसरी पाच, असं करत नऊपर्यंत. बाकी ज्ञान, नियम, अंदाज बांधण्याची पद्धत, सगळं तेच. मग या आवृत्त्या एकमेकांशी लढवल्या आणि त्यांचं रेटिंग काढलं. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत चार प्लायची आवृत्ती साधारण १२०० ते १२५० रेटिंगच्या दरम्यान होती, नऊ प्लायची २३००च्या आसपास. म्हणजे एकही नवीन युक्ती न शिकवता, फक्त पाच प्लाय जास्त पाहू देऊन, हौशी क्लब खेळाडूचा मास्टर झाला. सरासरी काढली तर एका प्लायमागे २०० गुणांच्या थोडं वर.

रेटिंगमध्ये २०० गुणांचा फरक म्हणजे किती? २० डाव खेळले तर वरचढ खेळाडूला साधारण १५ गुण मिळतील एवढा. फक्त एक प्लाय जास्त पाहण्याचं हे फळ.

या आकड्यांनी त्या काळात बरंच काही ठरवून टाकलं. बुद्धिबळाचं 'ज्ञान' प्रोग्रॅममध्ये भरावं की फक्त वेग वाढवावा, असा वाद तेव्हा जोरात होता. थॉम्पसनचा आलेख पाहिल्यावर वेगवाल्यांची बाजू भक्कम झाली. रेघ सरळ पुढे ओढली की आणखी काही प्लायनंतर जगज्जेत्याचं रेटिंग गाठता येईल असं दिसत होतं.

वेग वाढवल्याने एक प्लाय मिळायला किती खर्च येतो? ३० चाली शक्य असतील तर पुढचा प्लाय ३० पट महाग, असं वाटेल. पण 'अल्फा-बीटा' नावाच्या युक्तीने हा खर्च खूप कमी होतो. तुम्ही भाड्याचं घर शोधताय असं समजा. पहिलं घर ठीकठाक आहे. दुसऱ्या घरात शिरताच कळलं की पाणी येत नाही. मग त्या घराचं स्वयंपाकघर, गॅलरी, पार्किंग बघत बसायची गरज नाही. ते पहिल्यापेक्षा वाईट आहे एवढं पुरे. किती वाईट आहे याला महत्त्व नाही. इंजिनही एखाद्या चालीला एक जबरदस्त उत्तर सापडलं की त्या चालीची बाकी उत्तरं तपासत नाही. डोनाल्ड कनूथ आणि रोनाल्ड मूर यांनी १९७५ मध्ये गणिताने दाखवलं की चाली उत्तम क्रमाने तपासल्या तर तेवढ्याच कष्टात जवळपास दुप्पट डेप्थ गाठता येते. याचा अर्थ एका प्लायचा खर्च ३०-३५ पटींवरून सुमारे सहा पटींवर येतो. शिवाय ही काटछाट अंदाजपंचे नाही. निकाल तोच लागतो, फक्त फुकटची मेहनत वाचते.

सहा पट वेगवान संगणक म्हणजे एक प्लाय. संगणकांचा वेग दर दीड-दोन वर्षांनी दुप्पट होत असेल तर दर चार-पाच वर्षांनी एक प्लाय. घाई असेल तर खास चिप बनवा.

डीप ब्लू: २० कोटी स्थिती, एका सेकंदात

खास चिपच बनली. तैवानमधून आलेल्या फेंग-श्युंग शू या विद्यार्थ्याने कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८५ मध्ये सुरू केलेलं काम पुढे आयबीएममध्ये जाऊन 'डीप ब्लू' झालं. १९९६ मध्ये फिलाडेल्फियात गॅरी कास्पारोव्हने त्याला ४-२ असं हरवलं. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला परत आलेल्या यंत्रात बुद्धिबळासाठीच्या ४८० चिप्स होत्या आणि ते सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत होतं. डेप्थ साधारण १२ प्लाय, आणि गुंतागुंतीच्या रस्त्यांवर त्याच्याही कितीतरी पुढे. निकाल ३.५-२.५, यंत्र विजयी.

पण त्या लढतीतला दुसरा डाव विसरू नये असा आहे. ४५ चालींनंतर कास्पारोव्हने हार मानली. त्यानंतर काही तासांतच विश्लेषक सांगू लागले की काळ्याने वजीर ई३ घरावर नेला असता तर सतत शह देत राहून डाव बरोबरीत सोडवता आला असता. कास्पारोव्हला हे दुसऱ्या दिवशी कळलं. बरोबरीच्या डावात त्याने आयुष्यात पहिल्यांदाच हार पत्करली होती, असं तेव्हा लिहिलं गेलं. आणि डीप ब्लूचं काय? सेकंदाला २० कोटी स्थिती पाहणाऱ्या यंत्रानेही त्या बरोबरीला वाट करून देणारी चाल केली होती. सततचा शह ही अशीच गोष्ट आहे: प्रत्येक पाऊल सोपं, पण शेवट फार लांब. यंत्राच्या क्षितिजापलीकडे ती वाट होती, आणि यंत्राला सगळं दिसतं या समजुतीपायी माणसाने ती शोधलीच नाही.

यंत्राला सगळं दिसतं ही समजूत आजही तेवढीच पक्की आहे, पण तिच्याकडे नंतर वळू.

रेघ सरळ राहिली का?

नाही. थॉम्पसनच्याच आकड्यांत त्याची खूण होती. चारवरून पाच प्लायला गेल्यावर ३००हून जास्त गुण वाढले होते. आठवरून नऊला गेल्यावर सुमारे १२०. सरासरी २०० असली तरी फायदा पायरीगणिक आटत होता. डाव थोडे होते, त्यामुळे हा योगायोग असेल असंही कुणी म्हणू शकलं असतं आणि तसं म्हटलंही गेलं.

पुढे रॉबर्ट हायट आणि मॉन्टी न्यूबॉर्न यांनी १९९७ मध्ये वेगळ्या बाजूने प्रश्न विचारला. 'क्राफ्टी' या प्रोग्रॅमला १४ प्लायपर्यंत नेलं आणि मोजलं की एक प्लाय जास्त पाहिल्यावर त्याचं मत किती वेळा बदलतं. बाराव्या-तेराव्या-चौदाव्या प्लायलाही बऱ्याच स्थितींत तो आधीची चाल सोडून नवी निवडत होता. म्हणजे खोलात नवं काहीतरी सापडत राहतं. पण मत बदलणं आणि खेळ सुधारणं एकच नाही. दोन सारख्याच चांगल्या चालींमध्ये इकडून तिकडे उडी मारली तरी मत बदललंच.

२०१३ मध्ये पोर्तुगीज संशोधक दिओगो फरेरा यांनी 'हूडिनी' या तेव्हाच्या अव्वल इंजिनावर ६ ते २० प्लायपर्यंत प्रयोग केले. त्यांचा अंदाज: एका प्लायमागे सुमारे ६६ गुण. डेप्थ २०ला खेळणारं हूडिनी २९०० रेटिंगच्या आसपास. थॉम्पसनच्या २००वरून हा आकडा ६६वर कसा आला? याची दोन कारणं आहेत आणि ती बऱ्याचदा एकत्र मिसळली जातात.

पहिलं कारण बुद्धिबळाचंच. चार प्लाय पाहणारा प्रोग्रॅम दर थोड्या चालींनी मोहरा गमावतो. पाचवा प्लाय मिळाला की त्यातल्या कितीतरी चुका थांबतात. वीस प्लाय पाहणारा मोहरा असा गमावतच नाही. एकविसाव्या प्लायला त्याला दुरुस्त करण्यासारखं उरतं ते बारीक. शिवाय दोन्ही बाजू नीट खेळल्या तर डाव बरोबरीत सुटण्याकडे झुकतो, आणि बरोबरीच्या डावातून वरचढपणा दिसत नाही. इंजिनांच्या मोठ्या स्पर्धांमध्ये मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या सुरुवाती दिल्या जातात त्या याचसाठी. नाहीतर १०० डावांत ९५ बरोबऱ्या बघत बसावं लागेल.

दुसरं कारण असं की 'प्लाय' हे मापच बदललं आहे.

तुझी डेप्थ वेगळी, माझी डेप्थ वेगळी

बेलचे आठ प्लाय म्हणजे आठ प्लायपर्यंतची जवळपास प्रत्येक चाल. अल्फा-बीटाने वगळलेल्या चालीही निकाल न बदलणाऱ्याच होत्या. आजचं स्टॉकफिश तसं वागत नाही. ते जुगार खेळतं. चालींच्या यादीत मागे असलेल्या, फारशा आश्वासक न वाटणाऱ्या चाली ते कमी डेप्थला चाळून सोडून देतं. कधी आपली पाळी चक्क सोडून पाहतं: आपण काहीच केलं नाही आणि तरीही स्थिती भक्कम राहिली, तर इथे जास्त वेळ घालवायला नको. अशा काटछाटीमुळे एका प्लायचा खर्च सहा पटींवरून साधारण दोन पटींच्या आसपास उतरतो, आणि साध्या लॅपटॉपवर डेप्थ ३० दिसतं.

त्यामुळे स्टॉकफिशचे ३० म्हणजे डीप ब्लूच्या १२ची अडीच पट, हा हिशोब चुकीचा. डीप ब्लूचे १२ जवळपास सगळीकडे पसरलेले होते. स्टॉकफिशचे ३० मुख्य रस्त्यावरचे. आडवाटांना १०-१२ किंवा त्याहून कमी. दोन वेगवेगळ्या इंजिनांचे डेप्थचे आकडे शेजारी ठेवून 'हे जास्त खोल, म्हणून हे जास्त चांगलं' म्हणणं म्हणजे एकाने किलोमीटरमध्ये आणि दुसऱ्याने कोसात सांगितलेल्या अंतराची तुलना करणं. एकाच इंजिनाच्या दोन आवृत्त्यांतही हा घोळ होतो.

पण या जुगाराने कमाल केली आहे. २००९ मध्ये ब्वेनोस आयरिसच्या एका स्पर्धेत 'पॉकेट फ्रिट्झ ४' हा प्रोग्रॅम मोबाईल फोनवरून खेळला आणि १० पैकी ९.५ गुण मिळवून पहिला आला. सेकंदाला २०,००० स्थितीही तो तपासत नव्हता. डीप ब्लू २० कोटी. दहा हजार पटींचा फरक, आणि मध्ये फक्त १२ वर्षं.

थांबल्यावर काय दिसतं?

डेप्थ इतकी प्रभावी का ठरते, याचं एक विचित्र उत्तर डॉन बील आणि मार्टिन स्मिथ या संशोधकांनी १९९४ मध्ये दिलं. त्यांनी प्रोग्रॅमचं बुद्धिबळाचं सगळं ज्ञान काढून टाकलं. थांबल्यावर स्थितीला गुण द्यायचे ते कसेही, लॉटरीसारखे. अशा प्रोग्रॅमने कितीही पुढे पाहिलं तरी काय उपयोग, असं वाटेल. पण जास्त खोल पाहणारा लॉटरीवाला कमी खोल पाहणाऱ्याला हरवत होता. कारण ज्या बाजूला जास्त चाली उपलब्ध, तिला लॉटरीची जास्त तिकिटं. त्यातून सर्वांत मोठा आकडा तिच्याच वाट्याला येण्याची शक्यता जास्त. म्हणजे प्रोग्रॅम नकळत मोहरे मोकळे ठेवण्याकडे वळला, आणि बुद्धिबळात मोकळे मोहरे ही चांगलीच गोष्ट. कुणी न शिकवता ज्ञान डेप्थमधूनच झिरपलं.

सगळ्याच खेळांत असं होत नाही, बरं का. १९८०च्या सुमारास डेना नाऊ आणि बील यांनी स्वतंत्रपणे दाखवलं होतं की काही कृत्रिम खेळांमध्ये जास्त पुढे पाहिल्याने निर्णय बिघडतातही. बुद्धिबळ त्यातलं नाही, हे संगणकांचं नशीब.

माणसांचं गणित उलटं आहे. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान दे ग्रोट यांनी १९४६च्या प्रबंधात दाखवलं की अव्वल ग्रँडमास्टर साध्या तज्ज्ञ खेळाडूंपेक्षा फार जास्त खोल पाहत नाहीत. ते बघायच्या चालीच चांगल्या निवडतात. समोरची स्थिती पाहताक्षणी त्यांना कळते.

डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंडच्या 'अल्फाझीरो'ने हाच रस्ता यंत्रासाठी खुला केला. स्वतःशी खेळून शिकलेलं न्यूरल नेटवर्क, सेकंदाला फक्त ८०,००० स्थिती. समोर स्टॉकफिश, सेकंदाला ७ कोटी. १०० डावांत अल्फाझीरोचे २८ विजय, ७२ बरोबऱ्या, एकही पराभव नाही. स्टॉकफिशला कमकुवत सेटिंग दिल्याची टीका झाली, ती अगदीच बिनबुडाची नव्हती. वर्षभराने सविस्तर शोधनिबंध आला; त्यात १००० डाव होते, १५५ जिंकले, ६ हरले. मुद्दा टिकला.

स्टॉकफिशवाल्यांनी धडा घेतला. जपानी बुद्धिबळ शोगीसाठी यू नासू यांनी २०१८ मध्ये तयार केलेलं, साध्या प्रोसेसरवरही चालणारं छोटं न्यूरल नेटवर्क २०२० मध्ये त्यांनी स्टॉकफिशमध्ये बसवलं. सेकंदाला तपासल्या जाणाऱ्या स्थिती कमी झाल्या आणि ताकद मात्र एकदम वाढली. कमी पाहिलं, पण जिथे थांबलं तिथे नीट पाहिलं.

मग पुढे पाहणं पूर्णच बंद केलं तर? २०२४ मध्ये डीपमाइंडच्या संशोधकांनी तेही करून पाहिलं. २७ कोटी पॅरामीटर असलेलं नेटवर्क पुढचा एकही प्लाय न शोधता फक्त पटाकडे पाहून चाल ठरवत होतं. लिचेसवर माणसांविरुद्ध ब्लिट्झमध्ये त्याचं रेटिंग २८९५ झालं. अर्थात त्याला शिकवलं होतं स्टॉकफिशने काढलेल्या गुणांवरून, कोट्यवधी स्थिती दाखवून. म्हणजे शोध झाला होताच, फक्त आधी आणि दुसऱ्याने केला होता.

पट्टी बघताना

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा महाराष्ट्रात कितीतरी जणांनी पहिल्यांदाच ही पट्टी लाइव्ह पाहिली. पट्टी हलली की 'एवढं साधं दिसलं नाही?' अशा कमेंट पडतात. तेव्हा डेप्थचा आकडा बघायला हवा. चाल झाल्यावर पहिल्या सेकंदाला दिसणारं मत हे घाईतलं असतं. फोनच्या ब्राउझरमध्ये चालणारं इंजिन डेप्थ १२ला एक सांगतं आणि २५ला पोहोचल्यावर दुसरंच. ०.३वरून ०.६वर गेलेल्या आकड्याला चूक म्हणणं तर बहुतेक वेळा उगाचच.

कधी माणूस पुढे असतो आणि पट्टी मागे. १९९८ मध्ये लिनारेसला टोपालोव्हविरुद्ध शिरोव्हने शेवटाच्या खेळात आपला उंट एच३ घरावर नेऊन फुकट दिला. हेतू एवढाच, की राजाला पुढे यायला एक क्षण मिळावा. फायदा इतक्या प्लायनंतर दिसणार होता की त्या काळच्या प्रोग्रॅम्सना ती चाल सुचत नव्हती.

आणि काही स्थितींत डेप्थ वाढवूनही भागत नाही. एक बाजू किल्ला करून बसते, दुसऱ्याकडे मोहरे जास्त असूनही आत शिरायला जागा नसते. ग्रँडमास्टर पाहताक्षणी बरोबरी म्हणतो. इंजिन मात्र डेप्थ २०ला +२ दाखवतं, ३०ला +२, ४०लाही +२. आकडा वाढत नाही आणि कमीही होत नाही, एवढीच काय ती खूण.

पटावर सातच मोहरे उरले की डेप्थचा प्रश्नच मिटतो. दोन्ही राजे धरून सात किंवा त्याहून कमी मोहऱ्यांच्या सगळ्या स्थितींचा निकाल आधीच काढून साठवलेला आहे. ते काम उलट्या दिशेने, मात झालेल्या स्थितीपासून मागे मोजत केलं गेलं. त्यात सर्वांत लांब सापडलेला विजय ५४९ चालींचा आहे. प्लायमध्ये हजाराच्या वर. पुढे पाहत पाहत कुठलंही इंजिन तिथे पोहोचलं नसतं.